आलो, आले, येई

सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४, सकाळचे साडेदहा. मी सीताफळ फोडले होते आणि दारावरची घंटी वाजली. सीताफळाने माखलेल्या हातांनी दार उघडता येत नाही. आधी हात धुवावे लागतात. तेवढ्या वेळात मी ठरवून टाकले की आलेला माणूस काहीतरी विकायला आला असणार.

त्याला आता वर्ष झाले. यंदा पुन्हा टोपल्या दिसू लागल्या आहेत. दौलताबादकडच्या बाया रस्त्याच्या कडेला बसून फळे मांडतात. डोळे उघडले की फळ तयार, असे त्या सांगतात. मी दाबून पाहिल्याशिवाय घेत नाही. मात्र गेल्या वर्षीपासून हा वास आला की मला क्रियापदे आठवतात. फळाचा आणि क्रियापदाचा संबंध विचित्र आहे, हे मला मान्य आहे. तो मी जोडलेला नाही.

दारातला तरुण काही विकत नव्हता. नाव सुमेध, गाव बिडकीन, राहणे शहरात, शिक्षण कथकचे. वेरूळजवळच्या एका हॉटेलात तो सकाळी काम करी. तिथे उतरलेल्या एका प्रवाशाने जाताना त्याला एक पातळ जर्मन पुस्तक दिले होते. सुमेधला त्याचे मराठी हवे होते, आणि त्या मराठीचे नृत्य करायचे होते.

मी त्याला बस म्हटले नाही. माझा पत्ता कुणी दिला, एवढेच विचारले.

पत्ता ओंकारने शोधला होता. ओंकार वाळूजला एका कारखान्यात प्रेस मशीन चालवतो, आणि त्या मशीनच्या मराठी पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात माझे नाव आहे. ते नाव आजवर कुणी वाचल्याचे मला माहीत नव्हते. ओंकार आपला जोडीदार आहे, असे सुमेध म्हणाला. मग घाईने म्हणाला, नृत्यातला. ती घाई मी लक्षात ठेवली.

मी आयुष्यभर भाषांतर केले, पण ते यंत्रांच्या पुस्तिकांचे. जर्मन यंत्रे येत, त्यांच्याबरोबर जाड पुस्तिका येत, त्या मराठीत आणणे हे माझे काम. यंत्राच्या पुस्तिकेत 'मी' नसतो. 'तू'ही नसतो. 'हात आत घालण्यापूर्वी यंत्र पूर्ण थांबल्याची खात्री करावी.' कुणी करावी, हे सांगावे लागत नाही. ज्याचा हात आहे त्याने. या भाषेत माझे बरे चालले होते. तिथे शब्द चुकला तर कुणाचे तरी बोट जाते. त्यामुळे शब्दाकडे संशयाने पाहण्याची सवय लागली, आणि निवृत्तीनंतर ती माणसांकडे वळली.

पुस्तक कसले आहे, हे मी विचारले. क्वीअर साहित्य म्हणतात, असे तो म्हणाला. मी म्हटले, मराठीत सांग.

"मराठीत जे शब्द आहेत सर, त्यातल्या बऱ्याचशा शिव्या आहेत. उरला समलिंगी. तो ऐकला की व्याकरणाचा तास आठवतो."

उत्तर चांगले होते. तयार करून आणलेले असावे, असे मला वाटले. चांगल्या उत्तरांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.

त्याने आधी फोनवर भाषांतर करून पाहिले होते. ते त्याने मला दाखवले. एका वाक्यात मी आलो, पुढच्या वाक्यात मी बसले, त्यापुढे मी उठलो. माणूस एकच. सुमेधच्या म्हणण्याप्रमाणे नाचायला हे चालले असते, कारण कथकात एकच नर्तक गिरकी घेऊन नायकाची नायिका होतो आणि पुन्हा नायक होतो. त्याला पलटा म्हणतात. पण हे वाचून दाखवले तर लोक हसतील. मी पुस्तक उघडून पहिले वाक्य मोठ्याने वाचले. "इश काम."

तो दचकला. "इश्क? काम?"

"इश म्हणजे मी. काम म्हणजे आलो."

या शहरात कानावर इतकी उर्दू पडलेली असते की अशी चूक इथेच व्हावी. तो हसला. मी हसलो नाही. पण 'आलो' म्हणून मी स्वतःच अडलो होतो, आणि ते त्याच्या लक्षात आले नाही. पुस्तक ठेवून जा, असे सांगितले. जाताना तो "येतो" म्हणाला.

ते पुस्तक मी त्या आठवड्यात तीनदा वाचले. लेखक हयात नाही. पुस्तक त्याच्या मागे छापले गेले. दोन माणसे, एक नदी, एक उन्हाळा. फारसे काही घडत नाही. जे घडत नाही त्याबद्दल लेखक बारकाईने लिहितो, हे मला सुरुवातीला लबाडीचे वाटले. बाहेर ऑक्टोबरचे ऊन पत्र्यावर तापत होते, नवरात्राच्या मांडवातून ध्वनिक्षेपक चालू होते, आणि मी परक्या नदीच्या काठी, ही दोन माणसे कोण याचा पुरावा शोधत बसलो होतो. कारण पुरावा नव्हता. जर्मनमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' एकच. कोण आले, ते क्रियापद सांगत नाही. मराठी क्रियापद दाराशी उभे राहून विचारते, आला की आली? उत्तर मिळाल्याशिवाय आत सोडत नाही.

मूळ पुस्तकात जवळजवळ शेवटपर्यंत ही दोन माणसे कोण आहेत ते कळत नाही. मग एक पान येते. सकाळ आहे, दोघे नदीकाठी आहेत, आणि एकाच पात्याने ते एकमेकांची दाढी करतात. बस. वाचकाला त्या पानावर कळते. पाते हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला होता. पाते बदलावे. पात्याला हात लावू नये. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो, ते कशासाठी, याचा तपास केला नाही.

मराठीत हा क्रम राखायचा तर पहिल्याच शब्दाला गुपित फुटता कामा नये. मार्ग आहे. मराठीत एक जुना भूतकाळ आहे, वारंवार घडणाऱ्या गोष्टींचा. त्याला लिंग नाही. मी येई, तो येई, ती येई. मी तो वापरला. 'मी येई. तुझे पाय पाण्यात असत. मी हाक मारी, तू ऐकून न ऐकल्यासारखे करीस.' मूळ पुस्तकात ते माणूस पाण्याशी उभे होते. पण उभा की उभी? म्हणून मी त्याला उभे राहूच दिले नाही. पाय पाण्यात सोडून बसवले. आता मी सहज 'त्याला' लिहून गेलो. तेव्हा लिहिले नसते. पंधरवडाभर एकही वाक्य निसटू दिले नाही. यंत्र बिनआवाज चालावे तसे ते मराठी चालू लागले, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

तालीम सिडकोतल्या एका शिकवणीवर्गाच्या वरच्या मजल्यावर होई. बाकडी भिंतीला सारलेली, फळ्यावर रसायनशास्त्राची समीकरणे तशीच, आणि फरशीवर घुंगरांचा आवाज. मी गेलो तेव्हा सुमेध पायाने माझे वाक्य म्हणत होता. इश-काम, इश-काम, इश-काम, आणि तिसऱ्या वेळी समेवर. एका परक्या क्रियापदाचा त्यांनी बोल केला होता. ओंकार रुंद खांद्यांचा, हळू बोलणारा. मला पाहून तो म्हणाला, "या सर. यंत्र पूर्ण थांबल्याची खात्री केलीय."

नृत्याबद्दल माझी शंका साधी आहे. हातांच्या भाषेला शब्दकोश नाही, त्यामुळे तिच्यात चूक सापडत नाही. आणि ज्या भाषांतरात चूक सापडू शकत नाही, त्यावर विश्वास कसा ठेवावा? हे मी त्यांना सांगितले. सुमेधने त्याची अडचण सांगितली. दोन पुरुष शृंगार करणार म्हटले की शिकवणारे सांगतात, एकाने घुंघट घ्यायचा. घुंघटाची गत सुंदर आहे, त्याने करूनही दाखवली. हात कपाळापासून खाली आला आणि खरोखर तिथे पदर होता. मग तो हात त्याने झटकला. या वेळी पदर नको, म्हणाला.

माझे कागद त्याने दोनदा वाचले.

"सर, यात आम्ही कुठं आहोत?"

'आम्ही' हा शब्द त्याच्या तोंडून गेला. ओंकारने घुंगरांची दोरी बांधता बांधता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

मी समजावून सांगितले. मुळात पात्याच्या पानापर्यंत कळत नाही. मी तेच राखले आहे. हे प्रामाणिक भाषांतर आहे.

"तिथं कळत नाही, कारण तिथं कुणी विचारत नाही. तुम्ही पानोपानी चुकवलंय. 'येई' कोण बोलतं आता? पहिल्याच ओळीला माणसाला वाटणार, काहीतरी झाकलंय. आणि शेवटी कळलं की म्हणणार, फसवलं."

"सुरुवातीला कळले तर उठून जातील."

"जाऊ द्या. पण कुणाला बघून गेले, ते तरी त्यांना कळू द्या."

ओंकार दोरीची गाठ आवळत म्हणाला, "तुमच्या पुस्तिकेत पण असंच आहे सर. खात्री करावी. कुणी, ते तुम्ही कधी सांगतच नाही."

मी कागद घडी करून खिशात ठेवले आणि निघालो. जिन्यात मला वाटले, ही मुले मला वापरत आहेत. स्वतःचे काहीतरी त्यांना माझ्या तोंडून वदवायचे आहे. हा संशय बरोबर होता, हे पुढे कळले. त्यात वाईट काय होते, ते मात्र तेव्हाही नीट सांगता आले नसते.

कार्यक्रम एका सांस्कृतिक मंडळाच्या वतीने एका संध्याकाळी व्हायचा होता, दिवाळीनंतर. मंडळाच्या सचिवांनी मजकूर आधी मागितला. माझा 'येई'वाला मजकूर गेला. त्यांचा फोन आला. आक्षेपार्ह काही नाही ना, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, व्याकरण शुद्ध आहे. "छान आहे हो, राधाकृष्णाचं दिसतंय," ते म्हणाले आणि मंजुरी दिली. पात्याच्या पानापर्यंत ते पोहोचले नव्हते, हे उघड होते. माझ्या भाषांतराचा मला पहिला संशय आला, तो त्यांच्या समाधानामुळे.

माझी पत्नी कोल्हापूरकडची. तिकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा शेजारणी हसत, तिला मुद्दाम बोलायला लावत. ती हसणाऱ्यांबरोबर हसली आणि शेवटपर्यंत 'आलो'च म्हणाली. ती जाऊन आता बरीच वर्षे झाली. घरात 'आलो' हा शब्द मी सर्वांत जास्त वेळा ऐकला तो बाईच्या तोंडून, म्हणून एका क्रियापदाच्या शेपटावरून माणूस ओळखता येतो असे मला कधीच वाटले नव्हते. ही गोष्ट मला दिवाळीच्या दिवशी आठवली, फराळाचा डबा उघडताना. का आठवली, ते लिहून ठेवण्यासारखे नाही.

भाऊबीज झाल्यावर दुपारी पुन्हा घंटी वाजली. एक बाई. बिडकीनला अंगणवाडीत सेविका आहे, सुमेधची आई आहे, असे तिने सांगितले. नवरा लवकर गेला, मुलाला तिनेच वाढवले. मी दार अर्धेच उघडले. आता हे थांबवा, असे सांगायला ती आली असणार, हे मी गृहीत धरले होते आणि उत्तरही जुळवले होते.

ती खुर्चीच्या टोकावर बसली. पाणी प्याली. पोराने कागद वाचून दाखवला, असे म्हणाली.

"लई गोड लिवलंय. पण मला एक सांगा भाऊ. त्यात कोण येतंय? आला का आली?"

"मूळ भाषेत ते सांगत नाहीत."

"तुमची भाषा मला ठाव नाय. पण माझा पोरगा बी असंच बोलतो. कुणीतरी यायचंय म्हणतो. ओळखीचं माणूस हाय म्हणतो. डबा दोघांचा दे म्हणतो. आला म्हणत नाय, आली म्हणत नाय. त्याला वाटतं, आईला कळंना."

जे साधायला मला पंधरवडा लागला होता, ते हा मुलगा घरी गेला की दर वेळी, न लिहिता, जेवणाच्या ताटावर बसून करीत होता. आणि त्याची आई त्यातले प्रत्येक चुकवलेले क्रियापद ऐकत होती.

मग तुम्ही विचारत का नाही, असे मी म्हटले.

"विचारलं तर आली म्हणंल. भ्यालेलं माणूस खोटंच बोलतं. आन एकदा खोटं बोललं की मग त्यालाच धरून बसंल. म्हणून वाट बघायले मी. अन् तुम्ही त्याला अजून शिकवायलात."

"तुम्हाला चालेल?"

"चालंल का नाय, ते माझं मी बघंन. आधी मला सांगू तर द्या त्याला."

उठताना ती म्हणाली, "येते मी." साधा निरोप. पण त्या दुपारी मला त्यातला 'ते' अगदी स्वच्छ ऐकू आला. तिला काही झाकायचे नव्हते.

मी त्याच संध्याकाळी बसलो. येई काढले, आलो घातले. असत, मारी, करीस, सगळे गेले. पाण्यात पाय सोडून बसवलेल्या त्या माणसाला उठवले. 'मी आलो. तू पाण्याशी उभा होतास.' पात्याचे पान मात्र जसेच्या तसे राहिले. 'मी तुझी दाढी केली, मग तू माझी केलीस.' तिथे क्रियापद दाढीला धरून चालते, करणाऱ्याचे काही विचारत नाही. मराठीने नेमके तिथेच विचारायचे टाळावे, ही तिची सभ्यता की लबाडी, हे मी अजून ठरवलेले नाही.

मंजूर झालेला मजकूर परस्पर बदलणे मला पटणारे नाही. मी सचिवांना रीतसर शुद्धिपत्र पाठवले: 'सर्वत्र "येई" ऐवजी "आलो" वाचावे, इतर क्रियापदे सोबतच्या प्रतीप्रमाणे.' त्यांचे उत्तर आले, मिळाले, धन्यवाद. पुस्तिकांच्या कामात एक गोष्ट मी खात्रीने शिकलो आहे. शुद्धिपत्र कुणी वाचत नाही.

आता एक अडचण उरली. निवेदन एक मुलगी करणार होती. 'येई' कुणाच्याही आवाजात चालले असते, 'आलो'ला पुरुषाचा आवाज हवा होता. पत्नीची गोष्ट मी दोघांना सांगितली आणि म्हटले, कोल्हापूरची मुलगी मिळाली तर पाहा. सुमेध पहिल्यांदाच माझ्यासमोर मोठ्याने हसला. मग ओंकार म्हणाला की मीच वाचावे. "तुमचा आवाज सूचनेसारखा आहे सर. लोक गप बसतील."

नाव बारीक अक्षरात शेवटच्या पानावर असणे वेगळे, आणि रंगमंचाच्या कडेला दिव्यात बसणे वेगळे. या वयात शहराने माझ्याकडे पाहून काय म्हणावे, याचा मी विचार केला. तो पूर्ण झाला नाही. हो म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह निम्मे भरले होते. निवडणुकीचे दिवस, बाहेर प्रचाराची गाडी गेली की शब्द बुडत. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर सुमेधची आई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी धरून. गाडी दूर जाईपर्यंत मी थांबलो आणि वाचले, "मी आलो."

तो शब्द माझ्याच आवाजात मला ओळखीचा वाटला नाही. मग वाटला.

पायांनी तो उचलला. इश-काम, इश-काम, इश-काम. पलटा कुणी घेतला नाही, पदर कुणी घेतला नाही. दोन पुरुष पुरुषांसारखेच उभे होते, आणि मध्ये नदी होती. पाचव्या सहाव्या वाक्याला खुर्च्या वाजल्या. काही जण उठले. मी कागदावरून नजर काढली नाही. मग पात्याचे पान आले. घुंगरू पूर्ण थांबले. सुमेधने ओंकारची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि रिकाम्या हाताने गळ्यावरून पाते वर ओढले, सावकाश, एकदा आणि पुन्हा एकदा. हातात काही नव्हते. तरी ओंकारने श्वास धरला होता, आणि सभागृहात कुणी हलले नाही. गळ्याशी पाते असताना कुणी हलत नाही. मी चूक शोधत होतो. सापडली नाही. नृत्यात ती सापडत नाहीच, हे मी आधीच म्हटलेले आहे.

टाळ्या झाल्या. किती मनापासून आणि किती रिवाज म्हणून, याचा हिशोब लागत नाही. सचिव माझ्याकडे न पाहता निघून गेले.

मागच्या दाराशी सुमेधची आई उभी होती. सुमेध आला, घामाने निथळलेला, मागे ओंकार. सुमेधने वाक्य जुळवून आणलेले दिसत होते. "आई, हे... कुणीतरी तुला..." आणि त्याचे सवयीचे मराठी तिथेच संपले. मग म्हणाला, "हा ओंकार."

तिने ओंकारकडे पाहिले. चेहऱ्याकडे, मग गळ्याकडे, जणू तिथे खरोखर कापले असावे.

"कवा आलास?"

"दुपारीच आलो, काकू."

आलास. पुल्लिंगी, एकवचनी, जवळच्या माणसासाठी. तिने तो शब्द न अडखळता वापरला. मग सुमेधकडे वळून म्हणाली, "डबा दोघांचा नेत व्हतास नव्हं? मग हा असा वाळलाय कसा?" सुमेधला हसावे की काय करावे, ते कळले नाही. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्या मुद्रेला त्यांच्या शास्त्रात काही नाव असेल.

एवढ्याने सगळे मिटले, असे मी समजत नाही. घरी गेल्यावर आणखी काय बोलणे झाले, मला माहीत नाही. तिने चालेल म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. दोन्ही मुले यंदा पुण्यात आहेत. फोन येतो, कमी येतो. मंडळाने मला पुन्हा बोलावलेले नाही.

त्या रात्री जाताना तिने ती पिशवी माझ्या हातात दिली. "शेवटची हायेत. कच्ची हायेत, तांदळात घाला."

ती मी दाबून पाहिली नाहीत. रिक्षाने घरी आलो, दिवा लावला, आणि सीताफळे एकेक करून तांदळाच्या डब्यात खोल खुपसली. तांदूळ वरून सारखे केले आणि झाकण लावले.